सूर्य रस्त्यावर येतो ते दिवस

त्र्यंबककडून हरसूलला जाताना खैरपाड्याचा रस्ता एका खिंडीतून वर चढतो. दोन्ही बाजूंना उंच कातळ आहे, त्यामुळे दुपार कलली की तिथं सावली पडते. माथ्यावर आलं की कातळ संपतो आणि रस्ता एकदम सरळ होऊन उतरत थेट मावळतीच्या दिशेनं पाड्यापर्यंत जातो. माथ्यावर पूर्वी आंब्याची आणि सादड्याची जुनी झाडं होती, रस्त्यावर कमान धरल्यासारखी. पंच्याण्णव साली रस्ता रुंद झाला तेव्हा ती तोडली. पुढच्याच एप्रिलात पाड्यातल्या रावजीच्या जीपखाली नवसाबाई गेली.

शेजारच्या पाड्यावर लग्न होतं. दिवस मावळायच्या सुमाराला वऱ्हाड पायी खिंडीकडे चाललं होतं. नवसाबाई सगळ्यांच्या पुढे होती. रावजी नाशिकहून सवाऱ्या घेऊन येत होता. माथ्यावरून जीप खाली आली, ती थांबलीच नाही. नवसाबाई जागीच गेली, आणखी तिघांची हाडं मोडली.

रावजीनं पोलिसांना, वकिलाला, कोर्टात, जो विचारील त्याला एकच वाक्य सांगितलं. "मला कोणीच दिसलं नाय. सगळं पांढरं झालं."

कोणाचाच विश्वास बसला नाही. रावजी कधीमधी घ्यायचा हे सगळ्यांना माहीत होतं. त्याला शिक्षा झाली, जीप विकून वकील भागवला, लायसन गेलं. तो सुटून आला तेव्हा पाड्यानं त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. म्हातारी माणसं मात्र दुसरंच काही म्हणत. सादड्यावर जी राहत होती तिचं झाड तोडलं, आता ती रस्त्यावर उतरलीये, उतारावर माणसाच्या डोळ्यांवर पदर टाकते. तशात पुढच्या एका उन्हाळ्यात तिथंच एक टेम्पो उलटला, तेव्हा तर सगळ्यांची खात्रीच पटली. नवसाबाईच्या नवऱ्यानं, खंडेरावनं, ती पडली त्या जागी दगड मांडून शेंदूर लावला. खंडेराव पाड्याचा पोलीस पाटील. त्याचा शब्द कोणी मोडत नसे. पोळ्याला दिवस मावळताना गावभरचे बैल त्या दगडापाशी नेऊन मग घरी आणायचे, ही रीत त्यानंच पाडली.

रावजीची मुलगी सरिता हरसूलच्या शाळेत भूगोल शिकवायची. आई लहानपणीच गेलेली, बापानं जीप चालवून तिला नाशिकला ठेवून शिकवलं होतं. अपघात झाला तेव्हा ती गंगापूर रोडला मुलींच्या होस्टेलवर होती. बातमी आली तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला तो हाच, की बा प्यालेला होता का. पुढे तिनं तो बापाला कधीच विचारला नाही. दोघं एका घरात राहत, ती भाकरी करी, तो ढोरं बघे, आणि त्या एका गोष्टीला वळसा घालून दोघं बोलत.

दोन हजार साली एप्रिलात ती पेपर तपासायला नाशिकला गेली होती. परत येताना त्र्यंबकला झुंबरची जीप मिळाली. झुंबर पाड्यातलाच, आता या रस्त्यावर त्याचीच जीप चाले. मागं दाटी होती म्हणून त्यानं मास्तरीणबाईंना पुढं बसवलं.

खिंडीत सावली होती, गारवाही होता. जीप गुरगुरत माथ्यावर आली आणि सरिताच्या डोळ्यांवर काहीतरी आदळलं.

सूर्य होता. रस्ता जिथं संपतो तिथं, रस्त्याच्या बरोबर मध्ये, डांबराला टेकायला आलेला. काचेवर धूळ होती, ती सगळी पेटली. रस्ता नव्हता, कडेचे दगड नव्हते, बोनेटसुद्धा नव्हतं. जीप मात्र उतारावर धावतच होती.

"झुंबरभाऊ!" ती ओरडली. "थांबवा! काही दिसत नाहीये!"

"मला पण नाय दिसत," झुंबर म्हणाला. त्याचे डोळे जवळजवळ मिटलेले होते. "या दिवसांत असंच होतं बाई इथं. चार-सहा दिवस. मी अंदाजानं घेतो. पाठ हाय रस्ता."

"आणि पुढे माणूस असला तर?"

झुंबर हसला. मग त्याचं हसणं थांबलं. त्यानं ब्रेकवर पाय दिला आणि उरलेला उतार गाडी रांगत नेली. शेंदराचा दगड सरिताच्या खिडकीशेजारून गेला तो तिला अगदी जवळ आल्यावरच दिसला.

घरी आली तेव्हा रावजी ओट्यावर दोर वळत बसला होता. ती पिशवी न ठेवताच त्याच्यासमोर उभी राहिली.

"बा, त्या दिवशी समोर सूर्य होता का?"

रावजीचे हात थांबले.

"सूर्य?" तो म्हणाला. "मला काय ठावं. माथ्यावर आलो आन् पांढरं झालं. सूर्य म्हणून कुठं दिसतो तो तवा? निसतं पांढरं." मग खालच्या आवाजात, "कोर्टात बोललो असतो सूर्य होता, तर काय म्हटलं असतं? सूर्य तर रोजच असतो. मी धा वरसं तीच गाडी त्याच रस्त्यानं आणली."

"रोज असतो, पण रोज तिथं नसतो."

ती हे वर्गात दरवर्षी शिकवत होती. पृथ्वीचा आस कललेला आहे, ती तशीच कललेली राहून सूर्याभोवती फिरते, म्हणून सूर्य रोज एकाच जागी उगवत नाही आणि मावळत नाही. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे झुकतो, दिवस लहान होतो. उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकतो, दिवस मोठा होतो. मुलं ते पाठ करत आणि लगेच पुढच्या प्रश्नाला लिहीत, सूर्य पश्चिमेला मावळतो. आपणही मुलांसारखंच पाठ केलं होतं, हे तिला त्या संध्याकाळी कळलं.

"झाडं होती तोवर तो झाडांमागं मावळत होता," ती म्हणाली. "झाडं गेली त्यानंतरचा तो पहिलाच एप्रिल होता, बा."

रावजी उठला. गोठ्याच्या कुडाला हात टेकून पाठमोरा उभा राहिला.

"म्हंजे मी पिऊन नव्हतो," तो म्हणाला, जणू हे त्यालाच कोणीतरी आज पहिल्यांदा सांगत होतं. "लोक म्हणत गेले, म्हणत गेले. मलाच वाटाया लागलं होतं, घेतली असंल."

सरितानं हातातली पिशवी खाली ठेवली.

पुढचे दिवस ती संध्याकाळी खिंडीच्या माथ्यावर जाऊन उभी राही. सूर्य रोज थोडा उजवीकडे सरकत होता. रस्त्याच्या मध्यावरून कडेला आला, कडेवरून शेतात गेला, मग उजवीकडच्या डोंगराच्या सोंडेमागं मावळायला लागला. रस्ता पुन्हा साधा झाला. मे महिन्यात तिथं उभं राहिलं तर दूरवरचा माणूससुद्धा स्वच्छ दिसे. संकट टळलं असं कोणालाही वाटलं असतं. पण सरिताला माहीत होतं की तो डोंगरामागं जाऊन राहणार नाही. एकवीस जूनच्या सुमाराला तो थांबेल, मागं वळेल, आणि ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं, तसाच थोडा थोडा करत, परत येईल. ऑगस्ट सरताना तो पुन्हा रस्त्यावर असेल. वेळही जवळपास तीच.

त्यात एकच दिलासा होता. ऑगस्टात या बाजूला सूर्य दिसतोच कुठं? आषाढ लागला की ढग डोंगरावर बसतात ते गणपतीपर्यंत उठत नाहीत. म्हणून तर आजवर सगळे अपघात एप्रिलातलेच होते.

त्या वर्षी नागपंचमीनंतर पाऊस गेला.

आधी लोकांना बरं वाटलं, चिखल वाळला, निंदणी उरकली. मग आठवडा गेला, दुसरा गेला. भाताच्या खाचरांतलं पाणी आटलं, बांधांना भेगा पडल्या. आभाळ पुसून ठेवल्यासारखं निळं. वारा नाही. श्रावणात ऊन असं लागायचं की बायका निंदायला सकाळीच जाऊन परत येत. सगळे पावसासाठी वर बघत होते. सरिता संध्याकाळी डोंगराच्या सोंडेकडे बघत होती. एके दिवशी सूर्य सोंडेच्या अलीकडे मावळला. दुसऱ्या दिवशी आणखी अलीकडे. तो शेतात उतरला, बांध ओलांडत रस्त्याकडे यायला लागला. रोज एवढासाच. ओरडून सांगावं असं त्यात काहीच नव्हतं, आणि थांबवता येईल असंही काही नव्हतं.

एका संध्याकाळी कालनिर्णयाचं पान उलटताना तिची नजर पोळ्यावर गेली. पोळा अमावास्येचा, चंद्राच्या हिशोबानं येणारा, कधी ऑगस्टात कधी सप्टेंबरात. या साली तो ऑगस्टच्या शेवटच्या दिवसांत होता. म्हणजे सबंध पाडा, बायका, पोरं, बैल, सगळे दिवस मावळताना त्या उतारावर, त्या दगडापाशी. आणि मागून नाशिककडच्या गाड्या, सणाला घरी येणाऱ्यांनी भरलेल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती खंडेरावकडे गेली. रावजीच्या घरचं माणूस चार वर्षांत त्याच्या अंगणात आलं नव्हतं. खंडेराव बैलांची शिंगं रंगवत होता. त्यानं तिला बस म्हटलं नाही.

तिनं सगळं सांगितलं. सूर्य कसा सरकतो ते अंगणातल्या मातीत काडीनं काढून दाखवलं. खंडेराव मान खाली घालून शिंगाला हिंगूळ लावत राहिला.

"एक तास आधी न्या बैल," ती म्हणाली. "नाहीतर उद्या खिंडीकडे नकाच नेऊ. हात जोडते, काका."

"ती गेली ती येळ दिस मावळायची," खंडेराव म्हणाला. "बैल त्याच येळंला जातील."

"म्हणूनच तर सांगतेय. त्याच वेळेला..."

"पोरी." त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "तुझ्या बापानं माझी बाई मारली. आता तू आलीस सांगाया का त्यानं नाय मारली, सूर्यानं मारली. शिकलीस म्हणून सूर्यावर केस करतीस?"

"काका, मी उद्याचं बोलतेय."

"मी बी उद्याचंच बोलतोय. जा घरी."

घरी आल्यावर तिनं रावजीला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला.

"माथ्यावर हुभं राहून हात दाखवून उपेग नाय," तो म्हणाला. "माथ्यावर आला का तो आंधळा झाला. तू दिसणारच नाय त्याला. आडवायचं तर अलीकडं. खिंडीत, सावलीत."

"तू येशील?"

अपघातानंतर रावजी खिंडीच्या बाजूला फिरकला नव्हता. ढोरंसुद्धा तो उलट्या दिशेला नेई.

"येतो," तो म्हणाला.

पोळ्याच्या दिवशी आभाळात एक ढग नव्हता. ऊन कललं तशी पाड्यातून ढोल-सांबळ ऐकू यायला लागली. बापलेकींनी खिंडीच्या त्र्यंबककडच्या अंगाला करवंदीच्या फांद्या तोडून रस्त्यावर आडव्या टाकल्या, मागं दगड लावले. सरितानं तांबडं लुगडं काठीला बांधून धरलं होतं. कातळाच्या सावलीत दोघं उभी राहिली. वर माथ्यावर मात्र उजेड साठत चालला होता. खिंडीचं तोंड आधी पिवळं दिसत होतं, मग पांढरं दिसायला लागलं. ढोलांचा आवाज पलीकडून जवळ येत होता.

पहिली एसटी आली. ड्रायव्हर चिडून उतरला, पण ऐकता ऐकता त्यानं वर खिंडीच्या तोंडाकडे पाहिलं. "मला वाटायचं, माझेच डोळे गेले," तो म्हणाला. त्यानं कंडक्टरला पुढं चालायला लावलं आणि गाडी पायाच्या चालीनं नेली. नंतर एक टेम्पो आला, तो थांबून राहिला. ड्रायव्हर बिडी पेटवून दगडावर बसला. सरिताला वाटलं, निभावलं.

मग मोटरसायकल आली. खंडेरावचा मुलगा रविराज, नाशिकला अंबडच्या कारखान्यात कामाला. पोळ्यासाठी रजा काढून येत होता. मागच्या सीटवर बैलांच्या नव्या झुली बांधलेल्या. त्यानं फांद्या बघून ब्रेक मारला, सरिताला बघितलं, आणि मग तिच्या मागं उभा असलेला रावजी त्याला दिसला.

"तू?" रविराज म्हणाला. "इथं? आजच्या दिवशी?"

"रवी, ऐकून घे," सरिता पुढं झाली. "वर गेलास की काही दिसणार नाही. दहा मिनिटं थांब. सूर्य गेला की जा."

"माझी आई मारली तिथंच रस्ता आडवून बसलाय!" तो तिचं ऐकतच नव्हता. "लाज नाय वाटत म्हाताऱ्या?"

"बाळा, थांब," रावजी म्हणाला. "मला मार पायजे तर. पण जाऊ नको आत्ता."

त्या 'बाळा'नं रविराज आणखीच भडकला. त्यानं फांदी लाथेनं उडवली, कडेनं गाडी घातली. सरितानं मागच्या झुली पकडल्या, त्या तिच्या हातात सुटून आल्या आणि ती गुडघ्यांवर पडली. रविराजनं गाडीची मूठ जोरात पिळली. रागानं निघाला नसता तर इतक्या जोरात गेला नसता, हे तिच्या मनातून पुढे कधीच गेलं नाही. तो चढ चढला, खिंडीच्या पांढऱ्या तोंडाशी क्षणभर काळा दिसला, आणि त्या उजेडात विरघळला.

ढोल वाजत होते. मग ढोल थांबले. मग बैलाचा आवाज आला.

दोघं धावत माथ्यावर गेली तेव्हा त्यांनाही काही दिसेना. डोळ्यांवर हात धरून, आवाजाच्या अंदाजानं ती खाली उतरली. खंडेरावचा रंगवलेला बैल रस्त्यावर आडवा पडला होता, मान वेडीवाकडी. पोरांना आयांनी पोटाशी धरलं होतं. एसटी खाली लांब पोचली होती. रविराज दगडाजवळ पडला होता. त्याचा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळला होता आणि रक्त थांबत नव्हतं. खंडेरावनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"कसा आलास रं असा? एवढी माणसं दिसली नाय?"

"नाय दिसलं, बा," रविराज म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "कोणीच नाय दिसलं. सगळं पांढरं झालं."

हे वाक्य खंडेरावनं कोर्टात बसून ऐकलं होतं, आणि ते ऐकून तो थुंकला होता. त्यानं मान वर केली. समोर रावजी उभा होता.

कोणीतरी ओरडलं, "हा आला का रगत सांडतंच!" दोघं-तिघं रावजीच्या अंगावर धावले.

"सोडा त्याला," खंडेराव म्हणाला. "गाडी आणा कोणाची तरी."

झुंबरची जीप खाली रस्त्याकडेलाच उभी होती, पण झुंबर सणाचा पिऊन बैलांबरोबर नाचत आला होता. त्याला धड उभंही राहवत नव्हतं. टेम्पो खिंडीपलीकडे होता, अरुंद जागेत तोंड फिरवायला वेळ लागला असता. रावजीनं झुंबरच्या कमरेची किल्ली काढली आणि खंडेरावकडे बघितलं. खंडेरावनं मुलाच्या खांद्याखाली हात घातले.

"उचला," तो म्हणाला.

जीप उलट्या दिशेनं, सूर्याकडे पाठ करून, खिंड चढली. सरिता मागं रविराजच्या पायाला लुगडं आवळून बसली होती. आरशात सूर्य होता. रावजीनं आरसा हातानं वळवून टाकला. त्र्यंबक येईपर्यंत अंधारलं, तरी नाशिकच्या दवाखान्यापर्यंत तो कुठंच थांबला नाही. खंडेराव त्याच्या शेजारी बसून समोर बघत होता.

रविराज वाचला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पोळ्याला बैल मेला म्हणून पाड्यात अनेकांनी त्या रात्री चूल पेटवली नाही. सादड्यावरची अजून भुकेली आहे, असं म्हणणारी माणसं पुढेही म्हणत राहिली.

ऑपरेशन झाल्यावर सकाळी खंडेराव दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. सरितानं चहाचा पेला त्याच्यापुढं धरला. त्यानं तो घेतला, पण प्यायला नाही. रावजी पलीकडे भिंतीला टेकून झोपला होता. खंडेरावनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

"परत कधी येतो तो?" त्यानं विचारलं.

"एप्रिलात."

"मग?"

"मग पुन्हा ऑगस्टात. ढग नसले तर."

"दरसाल?"

"दरसाल."

"थांबायचा नाय कधी?"

"नाही, काका," सरिता म्हणाली. "पृथ्वीच फिरतेय. ती थांबत नाही."

पुढच्या एप्रिलात खिंडीच्या सावलीत फांद्या खंडेरावनं स्वतः टाकल्या. रावजीही आला. दोघं रस्त्याच्या दोन कडांना उभे राहिले. सरितानं माथ्यावर दोन्ही बाजूंना आंब्याची रोपं लावली होती. ती गुडघ्याएवढीही झाली नव्हती. मोठी व्हायला बरीच वर्षं लागणार होती, आणि तोवर या रस्त्यावरच्या गाड्या दरसाल वाढतच जाणार होत्या. बाहेरगावच्या गाड्या, ज्यांना खैरपाडा कुठं आहे हेही ठाऊक नव्हतं.

सूर्य उतरत होता. खिंडीचं तोंड पांढरं व्हायला लागलं होतं. खाली वळणावर एका अनोळखी गाडीचा हॉर्न वाजला, आणि ती जोरात येत होती.